बिनतारखेचे नऊ कागद

दोनशे बारा कागदांचा तो गठ्ठा मी एका मंगळवारी सकाळी सोडला आणि दुपारच्या कॉफीपर्यंत त्याचं वाटोळं करून मोकळा झालो. वाटोळं झालंय हे अर्थातच तेव्हा मला ठाऊक नव्हतं. उलट मी स्वतःवर इतका खूश होतो की दुसऱ्या दिवशी कामावर येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून दालचिनीचे दोन चिकट बोलुस बांधून घेतले. एक मला, एक क्रीनाला. क्रीना मिंडरहाउट गुडघ्याचं ऑपरेशन उरकून तीन आठवड्यांनी त्या बुधवारी परत येणार होती, आणि तिला मी सुखद धक्का देणार होतो. धक्का बसला. बोलुस मात्र दोन्ही मीच खाल्ले, तेही शनिवारी, शिळे.

आमचा दफ्तरखाना झीलंड या डच प्रांतातल्या एका बेटावर आहे. बेटावरच्या गावांचे, चर्चचे, बांधमंडळांचे जुने कागद आमच्याकडे येतात. त्यांची यादी करायचं काम क्रीनाचं. मी यादीवाला नव्हे. मी वाचनकक्षात बसतो आणि सव्वीस वर्षं आल्यागेल्याला 'पेन नाही, पेन्सिल' एवढंच सांगत आलोय. हे काम मला उत्तम जमतं. माणसाने जमतं त्याच कामात राहावं, हा या लेखाचा बोध समजा.

तो गठ्ठा समुद्राचे बांध राखणाऱ्या एका जुन्या बांधमंडळाच्या आवक पत्रांचा होता. १९५१ पासून १९५३ पर्यंतची पत्रं, आल्या दिवशी एकावर एक ठेवलेली, सुती फितीने बांधलेली, गंजक्या टाचण्यांनी भरलेली. मी टाचण्या काढल्या. फीत कुजली होती, ती फेकली. पुठ्ठा वाकडा झाला होता, तोही फेकला. कागद तारखेप्रमाणे लावले. नऊ कागदांवर तारीखच नव्हती, ते एका कोऱ्या पांढऱ्या फाइलमध्ये शेवटी ठेवले आणि वर सुरेख अक्षरात लिहिलं, 'बिनतारखेचे'. मग सगळे सरळ व्हावेत म्हणून त्यांच्यावर चर्चच्या हिशेबाचे चार जाडजूड खंड ठेवून घरी गेलो.

हे मी का केलं? तर आमच्या नव्या संचालकांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. कोणी महिन्याला किती मीटर फळ्या 'उरकल्या' ते त्यावर रंगीत पट्ट्यांनी दिसायचं. क्रीनाची पट्टी तीन आठवडे शून्यावर होती. ते शून्य मला बघवेना. दुसऱ्याचं भलं करायला निघालेला माणूस किती नुकसान करू शकतो, याचा तक्ता अजून कोणी लावलेला नाही.

बुधवारी ती आली. हातात काठी, चेहरा नेहमीचाच, म्हणजे पाऊस येणार आहे पण कधी ते सांगणार नाही असा. तिने खंड बाजूला केले, फाइल उघडली, दोन पानं उलटली. मग बाकीची न उलटता विचारलं,

"फीत कुठाय?"

"कुजली होती गं. फेकली."

"पुठ्ठा?"

"तोही."

"कागदांवर आकडे घातले होते, सोडायच्या आधी?"

आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो पहिल्या दिवशी झाडूवाल्यालाही सांगतात. कागद ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने ठेवायचे. गठ्ठा सोडायच्या आधी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालायचा, मगच श्वास घ्यायचा. मला तो नियम माहीत होता. जसा रोज दात घासायचा नियम मुलांना माहीत असतो, तसा.

"हे तुम्ही केलंत," ती म्हणाली.

सव्वीस वर्षं मी तिचा 'तू' होतो. आमच्याकडे ऑफिसात पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांना एकेरी हाक मारतात. क्रीना ज्याला 'तुम्ही' म्हणायला लागते, त्याने आपली सायकल काढून घरी जावं. तिने आवाज चढवला नाही. तिचा राग आवाजात नसतोच. तिने अंगातला कोट सावकाश काढला, खुर्चीवर बसली आणि पेन्सिलींना टोकं करायला लागली. सहा पेन्सिली झाल्या. सातवीला तिने विचारलं, "त्यात इझाक पोप्पेची चिठ्ठी होती. ती कुठाय?"

ती पांढऱ्या फाइलमध्ये होती. बिनतारखेच्या नऊ कागदांतली सातवी.

त्रेपन्न साली एकतीस जानेवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर अजून त्या पाण्याची रेघ आहे. आमच्या खाजणातली सतरा माणसं त्या रात्री गेली. त्या भागातल्या बांधावर पहारा होता इझाक पोप्पेचा. त्याची बायको आणि पाच वर्षांचा मुलगा त्या सतरांत होते. तो आणि चौदा वर्षांची मुलगी नेल्त्ये कौलांवर बसून वाचले. तीन आठवड्यांनी बांधमंडळाचा अहवाल आला, मंडळाच्या चिटणिसाने लिहिलेला. त्यात एक वाक्य होतं: 'पहाऱ्याकडून लेखी वा तोंडी कोणतीही पूर्वसूचना आली नव्हती.'

त्या वाक्याने इझाक पोप्पेला उरलेली अठरा वर्षं खाल्लं. कोणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. आमची माणसं देवभिरू आहेत, तसलं काही करत नाहीत. रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाकावरून पेपरमिंटचा डबा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात सरकत जातो. तो पोप्पेपाशी आला की त्याच्या मांडीवरून पलीकडे दिला जायचा. अठरा वर्षं. नेल्त्ये शेजारी बसून बघायची.

इझाक मरेपर्यंत सांगत राहिला, की मी चिटणिसाच्या हातात चिठ्ठी दिली होती. चिटणीस म्हणायचा, दिली होती, पण ती एक्कावन्न साली, आणि तेव्हा दुरुस्तीही करून घेतली होती. चिठ्ठीवर पोप्पेने तारीख घातली नव्हती, कारण तो काही रोज पत्रं लिहिणारा माणूस नव्हता. आणि चिटणिसाने त्यावर आवकीचा शिक्का मारला नव्हता. का मारला नव्हता, ते चिटणिसाला ठाऊक, आणि तोही कधीच गेला.

आता बांधावर नवा माहितीफलक लागणार होता. पुराची हकिकत, जुना फोटो, आणि अहवालातलं ते वाक्य जसंच्या तसं. नेल्त्येबाई आता ऐंशीच्या. त्या फलकवाल्यांकडे गेल्या. फलकवाले सभ्य होते. म्हणाले, कागद दाखवा, वाक्य काढतो. म्हणून त्या आमच्याकडे आल्या, आणि क्रीनाने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो गठ्ठा न सोडता, नुसता कडेने वाकवून, आत डोकावून पाहिलं. चिठ्ठी होती. त्रेपन्नच्या जानेवारीच्या पत्रांत, कुठेतरी वरच्या भागात दडपलेली. एक्कावन्नमध्ये नव्हे. तिने नेल्त्येबाईंना सांगितलं, "आहे. मी परत आले की आकडे घालते आणि लिहून देते. तोवर कोणी हात लावणार नाही."

कोणी हात लावणार नाही.

त्या गठ्ठ्यात चिठ्ठीवर तारीख नव्हती, पण जागा होती. जागा हीच तिची तारीख होती. ती मी उचलून शेवटी ठेवली आणि वर सुरेख अक्षरात लेबल लावलं.

क्रीनाच्या रागाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बेटावर लोक तिला कजाग समजतात आणि ते अर्धंच खरं आहे. तिचा बाप शिंपल्यांच्या होडीवर. लहानपणी ती बापाबरोबर धक्क्यावर शिंपले निवडायची, मोठे इकडे, छोटे तिकडे, मेलेले पाण्यात. सतराव्या वर्षी गावच्या वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहायला लागली. तिथला नियम असा की लग्न झालेल्या बाईने पुस्तक लिहिलं तर कार्ड नवऱ्याच्या आडनावाखाली लावायचं. एका शेतकरणीने कोंबड्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं होतं, माहेरच्या नावाने, आणि त्या नावानेच ते छापलं होतं. क्रीनाने कार्ड त्याच नावाने लिहिलं. ग्रंथपालबुवांनी फाडलं. तिने पुन्हा लिहिलं. असं अकरा वेळा झालं. बाराव्यांदा ग्रंथपालबुवा थकले, की कार्डं संपली, याबद्दल दोन मतं आहेत. कार्ड मात्र अजून आहे. कडा काळ्या पडल्यात, बोटांनी. याचा अर्थ लोक कोंबड्यांबद्दल विचारायला येत होते आणि त्यांना ते सापडत होतं.

तिचा खरा दावा आहे तो 'इतर' या शब्दाशी. कोणत्याही यादीच्या शेवटी 'इतर' दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. ती म्हणते, 'इतर' म्हणजे आळशी माणसाची सही. एकदा एका शिकाऊ पोरीने 'इतर, एक खोकं' असं लिहिलं होतं. क्रीनाने त्या खोक्यातल्या एकशेचाळीस वस्तू तिला एकेक करून मोठ्याने वाचायला लावल्या. त्यात तुरुंगातून एका माणसाने बायकोला लिहिलेलं पत्र निघालं. वाचताना पोरगी रडली. क्रीना म्हणाली, "हं. हा इतर."

आणि हीच बाई घरी गेली की मीठ कुठाय ते तिला सापडत नाही. तिच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यात खिळे असतात. तिचा नवरा लेन्डर्ट पूर्वी कालव्याच्या दारांवर होता. त्याने एकदा डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तर तिने काढून टाकल्या. म्हणाली, ऑफिस ऑफिसात. लेन्डर्ट मला सांगतो, "मारिनुस, तुम्हाला ती आठ तास मिळते आणि मला उरलेली. आमच्या घरातली लायब्ररी जळलेली आहे."

तर त्या बुधवारी आठवी पेन्सिल झाल्यावर क्रीना उठली आणि संचालकांकडे गेली. मला म्हणाली, "तुम्हीही चला. हात धुऊन."

योरिस फान लोमेल हे आमचे संचालक. मोठ्या शहरातून आलेले, चाळिशीच्या आतले, स्वभावाने गरीब. तक्ता लागल्या दिवसापासून क्रीना त्यांना 'तुम्ही' म्हणते. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दुःख झाल्यासारखी मान हलवली, आणि म्हणाले की नव्या पद्धतीत क्रमाला एवढं महत्त्व उरलेलं नाही. प्रत्येक कागद कॉम्प्युटरवर चढला की वाचक त्याला हवा तसा लावून घेईल. तारखेने म्हणा, नावाने म्हणा. शिवाय नोंदीच्या नव्या नमुन्यात 'मूळ क्रम' असा रकानाच नाही. मग हळूच म्हणाले, चिठ्ठी तर शाबूत आहे ना? मग कोणाचं काय बिघडलं?

क्रीनाने काठी भिंतीला टेकवली.

"संचालक," ती म्हणाली, "तुमच्या आईचे दागिने कोणी चोरले नाहीत, नुसते सगळ्या गल्लीच्या दागिन्यांत मिसळून ठेवले, तर तुमचं काय बिघडलं?"

ते म्हणाले, उपमा जरा टोकाची होते आहे.

"रकाना नाही तर करा. कॉम्प्युटर विचाराल ते शोधून देतो. काय विचारायचं हेच माणसाला माहीत नसतं, तेव्हा क्रम सांगतो. हे मी तुम्हाला आल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही तक्ता लावत होता."

फलकाचा मजकूर पुढच्या बुधवारी छपाईला जायचा होता. क्रीनाने मोठं टेबल आणि पुढचे चार दिवस मागितले. फान लोमेल म्हणाले, चार दिवसांत आठ मीटर होतील. ती म्हणाली, "मग माझी पट्टी तुमच्या खिशातल्या रंगाने रंगवा." चार दिवस मिळाले.

त्याआधी एक काम उरलं होतं. गुरुवारी सकाळी नेल्त्येबाई येणार होत्या. मला वाटलं क्रीना सांगेल. ती म्हणाली, "गठ्ठा कोणी सोडला?" आणि आत निघून गेली.

नेल्त्येबाई बारीक, ताठ, काळा कोट, हातात पर्स. मी त्यांना सगळं सांगितलं. मला बोलता येतं. वाचनकक्षात सव्वीस वर्षं लोकांना हसवलंय. पण त्या दिवशी माझी वाक्यं एकामागून एक पडत गेली, टाचण्या काढलेल्या कागदांसारखी. माझं संपल्यावर म्हणाल्या,

"म्हणजे पुन्हा."

एवढंच. मी त्या शब्दावर पुढे रात्रीच्या रात्री तळमळलो. आधी मला स्वतःचा राग आला. मग त्या रंगीत तक्त्याचा. मग त्या मेलेल्या चिटणिसाचा. आणि मग याचा राग आला, की आपण तिघं एकाच रांगेत उभे आहोत. चिटणिसाने शिक्का मारला नाही, संचालकांनी रकाना ठेवला नाही, मी आकडा घातला नाही. तिघांनीही कागद फाडला नाही. तिघांचेही हात स्वच्छ.

नेल्त्येबाई घरी गेल्या नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या.

क्रीनाने टेबलावर दोनशे बारा कागद पसरले आणि दिवा आणून टेबलाच्या कडेला आडवा लावला, उजेड कागदावरून सरपटत जाईल असा. मग मला बोलावलं. "तुम्ही पट्टी धरा. बोलू नका."

आडव्या उजेडात जे दिसलं ते मला मंगळवारी दिसलं नव्हतं, कारण मंगळवारी मी फक्त तारखा बघत होतो. पुराच्या रात्री गठ्ठा बांधमंडळाच्या ऑफिसात खालच्या फळीवर आडवा पडला होता आणि पुराचं खारं पाणी कडेने आत शिरलं होतं. जवळजवळ प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता, त्याची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी. एक खाडी, एक भूशिर, मधे लहानसं बेट. पुढच्या कागदावर तोच किनारा, पण खाडी केसभर अरुंद. त्याच्या पुढच्यावर आणखी अरुंद. किनाऱ्यापुढे किनारा, आणि कोणतेही दोन शेजारी सख्खे भाऊ. पुरानंतर आलेली पत्रं कोरडी होती. ती एकूण सव्वीस निघाली. बाकी एकशेशहाऐंशी किनारे क्रीना एकापुढे एक लावत गेली.

गुरुवार गेला. शुक्रवारी ती गुडघा स्टुलावर ठेवून काम करत होती. सुजला होता. मी म्हटलं, थोडं थांबू या. ती म्हणाली, "तुम्ही थांबा. तुम्हाला सवय आहे." दुपारी मी तिला सँडविच आणून दिलं. ते तिने खाल्लं, पण माझ्याकडे न बघता. नेल्त्येबाई रोज येत आणि बसत. कधी पर्समधून पेपरमिंट काढून एक क्रीनाला देत. मला देत नसत. हक्काची शिक्षा होती, मी चघळली.

मला वाटलं होतं क्रीना फक्त ते नऊ कागद बसवेल. मी तसं सुचवलंही, पोप्पेची चिठ्ठी जागेवर लागली की झालं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "एकच कागद नीट लावलेला आणि बाकी सगळा उकिरडा, असं दिसलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील हिने हवा तिथे घुसवला. सगळे नीट लागले पाहिजेत, तरच एक नीट आहे म्हणता येतं."

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास चिठ्ठीची पाळी आली. डाग सांगत होता, जागा जानेवारीच्या वीस तारखेनंतर. पण तिथे पाच-सहा कागदांचे किनारे अगदी जवळजवळ सारखे होते. क्रीनाने चिठ्ठी उलटी केली आणि दिव्याखाली धरली. मागच्या कोऱ्या बाजूवर जांभळट काहीतरी होतं, पुसट, आडवंतिडवं.

"शाई," ती म्हणाली. "खालच्या कागदावरच्या शिक्क्याची. भिजून वर उमटली. उलटी उमटली म्हणून वाचता येत नाही. आरसा आहे का कोणाकडे?"

दफ्तरखान्यात आरसा नसतो. आम्ही बघण्यासारखे नाही. नेल्त्येबाई उठल्या. त्यांनी पर्समधून एक गोल, पावडरीचा आरसा काढला, बाहीने पुसला आणि स्वतःच टेबलावर वाकल्या. क्रीनाने चिठ्ठी धरली, मी दिवा धरला. दिवा आणखी आडवा व्हावा म्हणून क्रीनाने माझं मनगट पकडलं.

"आवक," नेल्त्येबाईंनी वाचलं. "एकवीस. जानेवारी. त्रेपन्न."

आणि चिठ्ठीच्या वरच्या बाजूला, कोपऱ्यात, गंजाच्या शेजारी-शेजारी दोन रेघा होत्या, वरच्या कागदाच्या टाचण्यांच्या. तशी दोन टाचण्यांची भोकं फक्त एका पत्राला होती: दगडांच्या ठेकेदाराचं पत्र, शिक्का तेवीस जानेवारीचा. खाली एकवीस, वर तेवीस. म्हणजे पाणी आलं त्या रात्री चिठ्ठी बरोबर त्या दोघांच्या मधे होती. पोप्पेने ती पुराच्या आठ दिवस आधी, फार तर दहा दिवस आधी दिली होती. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. 'तिसऱ्या खांबापाशी बांध आतून पाझरतोय. काठी मुठीपर्यंत आत जाते. उधाणाच्या आधी माणसं आणि वाळूची पोती हवीत. इ. पोप्पे.'

मला वाटलं आता कोणी रडेल. नेल्त्येबाईंनी आरसा मिटून पर्समध्ये ठेवला. क्रीना मात्र कागदांकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की मी दिवा खाली ठेवला.

"भिजलेले कागद," ती म्हणाली, "एकमेकांना चिकटतात. आपोआप सुटत नाहीत. एकेक हाताने सोडवावा लागतो, वाळवावा लागतो. हे सगळे एकेक करून सोडवलेत. आणि परत त्याच क्रमाने लावलेत. कोणी तरी फेब्रुवारीत बसून हे केलंय."

नेल्त्येबाई म्हणाल्या, "चिटणीस टापटिपीचा होता. सगळे सांगायचे."

"हो. टापटिपीचा होता. ही चिठ्ठी त्याने हातात धरली, वाळवली, जागेवर ठेवली. आणि मग अहवाल लिहिला."

क्रीना काठी न घेता उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. नेल्त्येबाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी बाहेर सायकलस्टँडकडे बघत होत्या, जणू चिटणीस तिथे कुलूप लावतोय.

तिने त्याच दुपारी नोंद लिहिली. फान लोमेल ती वाचून खूश झाले आणि मग तळटिपेपाशी अडखळले. तळटिपेत तिने, गठ्ठा कसा विस्कटला आणि कसा पुन्हा लावला, हे सगळं लिहिलं होतं. ते म्हणाले, हे कशाला? आपणच आपल्या पुराव्यावर शंका ओढवून घेतोय. क्रम लागलाय ना, मग तो मुळातच तसा होता असं धरू. मधली भानगड गाळली तर कोणाला कळणार आहे?

"त्रेपन्न साली एका माणसाला असंच वाटलं होतं," क्रीना म्हणाली.

फान लोमेल लाल झाले. त्यांनी कागद परत दिला. तळटीप राहिली.

मंगळवारी फलकवाले आपला वकील घेऊन आले. वकील हुशार होता. पहिला प्रश्न त्याने तोच विचारला: क्रम तुम्हीच बिघडवलात असं ऐकतो, मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? बेटावर अशी गोष्ट लपत नाही. मीच बेकरीत बोललो होतो. क्रीनाने त्याच्यापुढे तळटीप सरकवली. मग कागद, मग दिवा, मग नेल्त्येबाईंचा आरसा. त्याने सगळं तासभर तपासलं, डागांवरून बोट फिरवायला गेला तेव्हा मी म्हटलं, 'हात नाही, पेन्सिल.' शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, वाक्य काढू.

"काढून काय होतं?" नेल्त्येबाई म्हणाल्या. "सहासष्ट वर्षं ते होतं. आता तिथे माझ्या बापाचं नाव हवं."

वकील क्रीनाकडे बघायला लागला. क्रीनाने पेन्सिल त्याच्या हातात दिली, म्हणजे लिहा आता स्वतःच. ही तिची सगळ्यात मोठी शिवी.

फलकावर आज असं आहे: 'पहारेकरी इझाक पोप्पे यांनी पुराच्या किमान आठ दिवस आधी बांधमंडळाला लेखी सूचना दिली होती.' मी परवा जाऊन पाहून आलो. समुद्रपक्ष्यांनी वरच्या कोपऱ्यात आपली सही केली होती, ती रुमालाने पुसून काढली. फलक लागल्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये नेल्त्येबाईंनी पेपरमिंटचा डबा काढला, बाकावर सगळ्यांना दिला, आणि चिटणिसाच्या पुतण्यापाशी आल्यावर त्यालाही दिला. त्याने घेतला. मला विचाराल तर माझ्याने देववला नसता.

नेल्त्येबाईंचं काम झालं. राहिलं ते माझं.

महिन्याभराने पूर्ण यादीचा कच्चा मसुदा क्रीनाने माझ्या टेबलावर ठेवला. पान चौदावर तळटीप. मी वाचली. 'हा गठ्ठा वाचनकक्षाचे कर्मचारी मारिनुस फ्लिप्से यांनी मूळ क्रमाची नोंद न करता तारखेप्रमाणे लावला. फीत व पुठ्ठा नष्ट केला. मूळ क्रम खाऱ्या पाण्याचे डाग, गंजाच्या खुणा आणि शाईचे उलटे ठसे यांवरून पुन्हा लावण्यात आला.' पुढे तारीख.

दफ्तरखान्याची यादी काही वर्तमानपत्र नव्हे, की उद्या त्यात मासे बांधले जातील. ती राहते. शंभर वर्षांनी कोणी तरी बांध बघायला येईल, चौदाव्या पानावर पोचेल आणि म्हणेल, हा कोण गाढव फ्लिप्से. माझ्या नातवंडांची नातवंडं याच बेटावर असतील. मी मसुदा घेऊन तिच्याकडे गेलो. ती नवा गठ्ठा घेऊन बसली होती, आकडे घालत. मी उभा राहिलो. म्हटलं, क्रीना, काम झालं, फलक लागला, वकीलही गेला. आता नावाची काय गरज आहे? 'एका कर्मचाऱ्याने' असं लिही. अर्थ तोच राहतो. सव्वीस वर्षं शेजारी बसलोय, एवढं कर.

तिने त्र्याहत्तरचा आकडा पुरा घातला. मान वर न करता म्हणाली,

"आडनाव बरोबर पडलंय का, तेवढं बघून घे."